सर, ज्वालामुखी कुठे गेला?

छत्तीस वर्षे मी पुण्यात भूगोल शिकवला, आणि ‘दख्खनचे पठार लाव्हारसाचे बनलेले आहे’ हे वाक्य ती छत्तीस वर्षे एकाच सुरात म्हटले. आमच्या हिचे म्हणणे असे, की ते मी झोपेतही म्हणत असे. खरे सांगायचे तर वर्गात म्हणतानाही मी काही फारसा जागा नसे!

1969 सालची गोष्ट. आठवीचा वर्ग, मधल्या सुट्टीनंतरचा तास, पोरे पेंगुळलेली. माझे वाक्य म्हणून झाले आणि तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. वडिलांचे वाण्याचे दुकान, त्यामुळे त्याच्या सदऱ्याला कायम हिंगाचा वास.

“सर, मग तो ज्वालामुखी कुठे गेला?”

“विझला.”

“पण विझला तरी डोंगर राहीलच ना? त्याचं तोंड कुठंय?”

वर्ग खो खो हसला. आता ह्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते, हे कबूल करायला आज काही वाटत नाही. पण पंचवीस वर्षांच्या मास्तराला वाटले, की पोरगा आपली टिंगल करतो आहे. मी त्याला बाकावर उभे केले. तास संपेपर्यंत तो खिडकीतून पर्वतीच्या टेकडीकडे पाहत होता. बहुधा तोंड शोधत असावा. त्यानंतर त्याने मला कधी काही विचारले नाही.

2018 च्या डिसेंबरात आम्ही दोघे मॉरिशसला गेलो. माझा पुतण्या तिथे नोकरीला होता. सहलीच्या जाहिरातींत ह्या बेटाचे निळे पाणी दाखवतात, पांढरी वाळू दाखवतात. उसाच्या शेतातले काळे दगड कुणी दाखवत नाही. मला मात्र पहिल्याच दिवशी तेच दिसले. हिरव्यागार उसाच्या मधोमध रचलेले मनोऱ्यासारखे काळेभोर ढीग! मोटार हाकणारा गृहस्थ तिथलाच, मराठी घरातला. घरी बोलतात क्रिओल, पण मराठी शाळेत शिकलेला. (गणेशचतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते, हे त्याने मला दोनदा सांगितले.) तो म्हणाला, “हे दगड आमच्या पणज्यांच्या पिढीनं वेचले. दगड काढल्याशिवाय ऊस कुठं लावणार?”

मी उतरून एक दगड हातात घेतला. तेच वजन, तोच रंग, त्यातली तीच बारीक भोके. आमच्या जुन्या घराच्या पायरीचा तुकडा कुणी इथे आणून टाकला की काय! कोकणातून गिरमिटावर निघालेली ती माणसे काळ्या कातळावरून थेट काळ्या कातळावर आली आणि इथेही तोच वेचत बसली.

पुतण्याची मुलगी भूशास्त्र शिकत होती. रात्री जेवताना मी तिला माझा जुना प्रश्न, म्हणजे माझा नव्हे, त्या मुलाचा, विचारला. ती हसली नाही. म्हणाली, “आजोबा, तो विझलाच नाही. तो आहे तिथंच आहे. आपण निघून आलो.”

मग तिने मला धडा दिला. तो ऐकताना, मी छत्तीस वर्षे नेमके काय शिकवत होतो असे मला होऊन गेले. पृथ्वीच्या कवचाखालचे प्रावरण म्हणजे काही लाव्हारसाचा समुद्र नव्हे. तो घट्ट खडकच असतो, पण लाखो वर्षांच्या हिशेबात मेणासारखा सरकतो. काही ठिकाणी खोलातून जास्त तापलेला खडक वर चढत राहतो. कुकरात दाबाखाली पाणी उशिरा उकळते ना? तसाच खोलात दाबाखालचा खडक वितळत नाही. वर येऊन दाब कमी झाला की थोडासा वितळतो आणि कवच फोडून बाहेर पडतो. ह्या जागेला म्हणायचे तप्तबिंदू. हा बिंदू जवळजवळ जागचा हलत नाही. त्याच्यावरून कवचाचे भूपट्ट मात्र सरकत असतात.

“निखाऱ्यावरून एकच लांबलचक पापड सरकवत न्या,” ती म्हणाली. “फोडांची रांग उठेल. निखारा एकच.”

हवाई बेटांची रांग अशीच झाली, हे 1963 साली टुझो विल्सन ह्या कॅनडाच्या शास्त्रज्ञाने मांडले होते. म्हणजे मी त्या पोराला बाकावर चढवले त्याच्या सहा वर्षे आधी! अग्निदेवता पेले घर शोधत एका बेटावरून दुसऱ्यावर आग्नेयेकडे येत गेली, ही हवाईच्या लोकांची कथा. आणि बेटांची वयेही त्याच दिशेने कमी होत जातात.

आपला निखारा मात्र आज हिंदी महासागरात रियुनियन ह्या फ्रेंच बेटाखाली आहे, मुंबईपासून जवळजवळ पाच हजार किलोमीटरांवर. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्याच्या डोक्यावर होती. पहिला लोंढा भलताच मोठा. एका तोंडातून नव्हे, लांबच लांब भेगांतून रस वाहिला, थरावर थर साचले. आजही 5 लाख चौरस किलोमीटर मुलूख त्याखाली आहे. पोरा, तुझ्या पर्वतीला तोंड नव्हते ते ह्यामुळे!

मग भारत उत्तरेला पळाला. आज तो वर्षाला पाचेक सेंटिमीटर सरकतो, साधारण आपली नखे वाढतात त्या चालीने. तेव्हाची चाल तिपटीच्या घरातली होती. मागे राहिलेली आग बारीक झाली, पण तिचे फोड उठत राहिले: लक्षद्वीप, मालदीव, चागोस. हे ज्वालामुखी थंडावले, खचले, पाण्याखाली गेले. त्यांच्या माथ्यावर पोवळ्यांचे किडे घर बांधत वर येत राहिले. लक्षद्वीपच्या पांढऱ्या वाळूखाली खोल आपलाच काळा फत्तर आहे! 1987 साली जहाजावरून समुद्राचा तळ खणला, तेव्हा मालदीवपाशी सुमारे पावणेसहा कोटी आणि चागोसपाशी सुमारे पाच कोटी वर्षांचा लाव्हा हाती लागला. पुढे समुद्रतळाची एक फट त्या आगीवरून गेली आणि रांग दोन भूपट्टांत विभागली. म्हणून मॉरिशस आपल्या नव्हे, आफ्रिकेच्या पट्टावर आहे. त्याचे वय ऐंशी-नव्वद लाख वर्षे, रियुनियन त्याहून लहान. तिथला पितों द ला फुर्नेज अजून वरचेवर पेटतो. 1977 साली त्याचा लाव्हा एका गावातल्या चर्चच्या दारापर्यंत आला आणि दोन्ही बाजूंनी वळसा घालून गेला.

हा खोलवरून येणारा लोंढा सगळ्या शास्त्रज्ञांना मान्य आहे असे नाही. त्यांची भांडणे अजून चालू आहेत. चालू देत. भांडणाऱ्या पोरांना बाकावर उभे करायला तिथे माझ्यासारखा कुणी नाही, हे बरे.

परत आल्यावर मी त्या मुलाच्या दुकानी गेलो. मुलगा कसला, साठी उलटलेला गृहस्थ! गल्ल्यावर बसला होता. मला ओळखून चटकन उठला. मी माझा प्रश्न त्याला सांगितला.

“प्रश्न नाही आठवत, सर,” तो म्हणाला. “बाक आठवतो.”

मी खिशातून मॉरिशसचा तो दगड काढून तराजूशेजारी ठेवला आणि पापडापासून सुरुवात केली. दोन गिऱ्हाइके खोळंबली. तो ऐकत होता, मध्येच त्याने दगड उचलला, उलटापालटा केला आणि विचारले, “मग सर, आता आपल्या खाली काय आहे?”

आतून पोऱ्याने स्टूल आणून ठेवले. “बसा ना, सर,” तो म्हणाला.

“राहू दे,” मी म्हणालो, आणि उभ्याउभ्याच पुढचे सांगू लागलो.