काल, परवा आणि पासून

शहापुरात इंग्रजी शिकविण्यात आमची बरीच वर्षे गेली. विद्यार्थ्यांना स्पेलिंगपेक्षा काळ अधिक छळतात, असे आमचे निरीक्षण आहे. ‘मी काल आलो आहे’ हे मराठीला चालते. ‘आय हॅव कम यस्टरडे’ इंग्रजीला मुळीच खपत नाही. ‘हॅव’ क्रियेचे आजशी नाते सांगते आणि ‘यस्टरडे’ म्हणताच तो दिवस मिटतो. तेथे साधा ‘केम’च हवा.

‘पासून’ची अडचण याच्या उलट. ‘मी दहा वर्षांपासून येथे राहतो’ यात आपण निव्वळ वर्तमानकाळ वापरतो, कारण मागची सारी वर्षे ‘पासून’ एकटाच वाहतो. इंग्रजी ते ओझे क्रियापदावर टाकते : ‘हॅव बीन लिव्हिंग’. शिवाय आरंभ सांगायचा तर ‘सिन्स’, मुदत सांगायची तर ‘फॉर’. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढीलाही हा भेद घोकावाच लागे.

उदाहरणांसाठी आम्हांला गाव सोडून जावे लागले नाही. शहापूर सांगली संस्थानात होते. १९४८ मध्ये ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. येथे ‘वॉज’ पुरते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगावसह ते म्हैसूर राज्यात गेले; १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. सीमाप्रश्न मात्र ‘वॉज’मध्ये बसत नाही. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, ‘इन २००४’, म्हणून ‘फाइल्ड’. तो प्रलंबित आहे, ‘सिन्स २००४’. म्हणून ‘हॅज बीन पेंडिंग’. साल एकच, पण एका वाक्यात ते संपलेले आणि दुसऱ्यात अजून चालू. ही दोन वाक्ये फळ्यावर लिहिली की वर्गात क्षणभर शांतता पसरे. घरी मराठी बोलणारी आणि कन्नड बोलणारी मुले एकाच बाकावर बसून ती उतरवून घेत. व्याकरणापलीकडे आम्ही काही बोलत नसू. बोलण्याची गरजही नसे.

इंग्रजीच्या या काटेकोरपणाला हसण्यापूर्वी आपला ‘परवा’ आठवावा. कन्नडमध्ये मागच्या परवाला ‘मोन्ने’ आणि पुढच्याला ‘नाडिद्दु’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. आपण दोन्हींकडे एकच शब्द धाडतो आणि निवाडा क्रियापदावर सोपवितो. विणकर नुसते ‘साडी परवा’ म्हणाला, तर ती दिली की देणार, हे कळायला गिऱ्हाइकाला वाक्य संपेपर्यंत थांबावे लागते.