मरू देणे आणि मारणे



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणाला दिलेला आहे. दोन तारखेला नारायणगुड्याच्या दफनभूमीत मेणबत्त्या लागतात, कबरी धुतल्या जातात, पुढे महिनाभर मिस्सेत आपल्या माणसांची नावे वाचली जातात. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायला आपण विसरत नाही. मरणाच्या दारात असलेल्यांविषयी मात्र आपण घरात बोलत नाही. कोणी विषय काढलाच तर ‘असे अभद्र बोलू नये’ म्हणून त्याला गप्प केले जाते. मग एके रात्री आयसीयूचा डॉक्टर सहीसाठी कागद पुढे करतो आणि सारे कुटुंब एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहते.

या लेखाला निमित्त मात्र झाले आमच्या दृढीकरणाच्या वर्गातल्या मुलांचे. ‘सलाम वेंकी’ हा काजोलचा चित्रपट 2022 साली आला. मुलांनी तो पाहिला, रडून घेतले आणि रविवारी वर्गात प्रश्न टाकला. अकरावीतली एक मुलगी म्हणाली, “सर, मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठे प्रेम नाही असे येशूने सांगितले ना? मग त्या मुलाला नाही का म्हणाले?”

चित्रपट ज्यावर आधारलेला आहे ती गोष्ट आपल्याच शहरात घडलेली आहे. के. व्यंकटेश हा हैदराबादचा तरुण, बुद्धिबळ खेळणारा. लहानपणापासून त्याला मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती. या आजारात स्नायू एकेक करून निकामी होत जातात; आधी पाय, मग हात, शेवटी श्वास घेण्याचे स्नायू. वयाच्या पंचविशीत तो इस्पितळात कृत्रिम श्वासावर होता. त्याने आईला सांगितले की, माझे अवयव अजून चांगले आहेत तोवर ते काढून गरजूंना द्या, मग मला जाऊ द्या. आईने मुलाची इच्छा घेऊन आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. न्यायालयाने परवानगी दिली नाही. कायद्याने मेंदूमृत्यू ठरल्याशिवाय असे अवयव काढता येत नाहीत, आणि व्यंकटेश तर शुद्धीवर होता. 17 डिसेंबर 2004 रोजी तो गेला. त्याचे डोळे तेवढे देता आले.

हे वाचून ज्याच्या पोटात कालवाकालव होत नाही त्याने पुढे वाचू नये. त्या आईविषयी किंवा मुलाविषयी वावगा शब्द काढायचा आम्हाला अधिकार नाही. पण मुलीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे होते, आणि ते सोपे नाही.

आम्ही मुलांना संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांची आठवण करून दिली. 1941 साली ऑशविट्झच्या छळछावणीत एका बायकामुलांच्या माणसाऐवजी ते स्वतः उपासमारीच्या कोठडीत गेले. त्यांनी प्राण दिला, पण त्यांना मारले ते नाझींनी. मला मारा म्हणजे दुसरा जगेल, असे त्यांनी एखाद्या सज्जन माणसाला विनवले नव्हते. व्यंकटेशच्या इच्छेत मात्र कोणा डॉक्टरने हातात सुरी घेऊन जिवंत माणसाचे हृदय काढायचे होते. देणाऱ्याचे मन कितीही थोर असो, घेणाऱ्याच्या हातून खून होतो. कॅटेकिझमच्या 2296व्या परिच्छेदात हेच सांगितले आहे: दुसऱ्यांचे मरण लांबवण्यासाठीसुद्धा कोणाचा थेट मृत्यू घडवून आणता येत नाही. मरणोत्तर अवयवदानाला मात्र तोच परिच्छेद उदात्त कृत्य म्हणतो. आणि एकदा का डॉक्टरांना अशी सवलत दिली, तर उद्या चाकाच्या खुर्चीतल्या प्रत्येक मुलाकडे लोक कोणत्या नजरेने पाहतील, हेही आम्ही विचारले. वर्गात एक मुलगा आहे, त्याचा धाकटा भाऊ चालू शकत नाही. तो त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. काय बोलला ते इथे लिहीत नाही.

इथपर्यंत आपल्यापैकी बहुतेक जण मान डोलावतील. अडचण पुढे आहे. ‘जीव घेऊ नये’ हे ऐकून ऐकून आपल्या लोकांचा असा पक्का समज झाला आहे की व्हेंटिलेटर काढणे हेही पापच, कॅथलिक माणसाने शेवटच्या श्वासापर्यंत यंत्राला चिकटूनच राहिले पाहिजे. आमच्या ओळखीचे एक मराठी कुटुंब आहे, मूळचे जालन्याकडचे. आजोबा ऐंशीच्या पुढचे, दोन्ही मूत्रपिंडे गेलेली, मेंदूत रक्तस्राव झालेला. अठरा दिवस आयसीयू. बिल लाखांत गेले, गावाकडची जमीन विकायची बोलणी सुरू झाली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते की हे आता परत येणार नाहीत. तरी थोरला मुलगा कॉरिडॉरमध्ये आम्हाला बाजूला घेऊन विचारत होता, “नळी काढली तर बाबांना आम्ही मारले असे होईल का? देवाला काय सांगू?”

त्याला आम्ही जे सांगितले ते नवे नव्हते. 24 नोव्हेंबर 1957 रोजी पोप पायस बारावे यांच्यासमोर भूल देणारे डॉक्टर जमले होते. कृत्रिम श्वासाची यंत्रे तेव्हा नवीच आली होती आणि डॉक्टरांना हाच प्रश्न पडला होता. पोपमहोदयांनी उत्तर दिले की जीव राखण्यासाठी साधारण साधने वापरणे हे कर्तव्य आहे, पण स्वतःवर किंवा दुसऱ्यावर जड ओझे टाकणारी असाधारण साधने वापरायची सक्ती नाही. 1980 सालच्या रोमच्या घोषणापत्रात तर खर्चाचाही स्पष्ट उल्लेख आहे. कुटुंबावर किंवा समाजावर अतोनात खर्चाचा भार पडू नये म्हणून एखादा उपचार नाकारणे ही आत्महत्या नव्हे, असे ते म्हणते. कॅटेकिझमचा 2278वा परिच्छेदही तेच सांगतो: आपण मृत्यू घडवून आणत नाही, तो रोखणे आपल्या हाती नाही एवढे मान्य करतो. पोप फ्रान्सिस यांनी 2017 साली पायस बारावे यांच्या याच शब्दांची आठवण करून दिली होती.

पैशाचा विचार करणे म्हणजे बापावरचे प्रेम कमी, हा जो टोमणा नातेवाईक मारतात त्याला यात उत्तर आहे. टोमणे मारणारे बिल भरायला येत नाहीत, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

आजोबांची नळी काढली त्याआधी फादर येऊन तैलाभ्यंग संस्कार देऊन गेले. मुलाने वडिलांचा हात धरला होता. नळी काढल्यानंतर ते साडेतीन तास होते. तेवढ्यात संपूर्ण जपमाळ झाली, सुनेने ओठ ओल्या कापसाने पुसले, नातवाने मोबाइलवर गावाकडच्या चुलत्याचा आवाज ऐकवला. अठरा दिवसांत यांतले काहीच करता आले नव्हते. आत एका वेळी एकच माणूस, तोही दहा मिनिटे.

पोप जॉन पॉल दुसरे यांचे शेवटचे दिवस आठवा. फेब्रुवारी 2005 मध्ये ते जेमेल्ली इस्पितळात होते, श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडले गेले. मार्चअखेर नाकातून नळी घालून अन्न देणे सुरू झाले. पण 31 मार्चला तीव्र ताप चढला तेव्हा ते पुन्हा इस्पितळात गेले नाहीत. व्हॅटिकनमधल्या आपल्या खोलीतच राहिले आणि 2 एप्रिलला प्रभूकडे गेले. नळीने अन्न घेतले, आणखी इस्पितळ घेतले नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, एकाच आठवड्यातल्या.

अन्नपाण्याचा मुद्दा वेगळा का, हे आपल्या मराठी माणसाला अरुणा शानबाग यांच्या नावाने लगेच कळेल. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली ही परिचारिका. 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्याच सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला, गळा आवळला, मेंदूला रक्त पोहोचले नाही. 18 मे 2015 पर्यंत, साडेएक्केचाळीस वर्षे, ती त्याच रुग्णालयात पडून होती. ती व्हेंटिलेटरवर नव्हती. श्वास तिचा ती घेत होती, भरवले तर खात होती. सर्वोच्च न्यायालयात अर्ज आला तो तिला भरवणे थांबवावे म्हणून. परिचारिकांनी विरोध केला. 7 मार्च 2011 रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला. परिचारिकांच्या किती पिढ्या बदलल्या, पण तिचे अंग पुसणे, कूस बदलणे सुटले नाही. इतकी वर्षे अंथरुणात असूनही तिला जखमा होऊ दिल्या नाहीत, हे डॉक्टरांनी तपासून सांगितले होते. त्या परिचारिका बहुतेक आपल्या धर्माच्या नव्हत्या. भल्या शोमरोन्याचा दाखला शिकवताना आम्ही त्यांचे नाव घेतो.

ख्रिस्तसभेचे म्हणणे त्यांच्या वागण्याशी जुळते. घोटभर पाणी आणि पातळ अन्न, मग ते नळीने का होईना, हा औषधोपचार नाही, ती सेवा आहे. शरीर ते पचवूच शकत नसेल किंवा त्याने त्रासच वाढत असेल तर सक्ती नाही. मरणासन्न माणूस आपोआप खाणे सोडतो, त्याच्या तोंडात जबरदस्तीने पेज कोंबू नये. पण जगू शकणाऱ्याला मरावा म्हणून उपाशी ठेवणे हे दुसरेच काही आहे. वर्तमानपत्रे या सगळ्याला सरसकट ‘दयामरण’ म्हणतात. यंत्र काढणे, अन्न तोडणे आणि विषारी इंजेक्शन देणे या तीन गोष्टींना एकच शब्द वापरला की माणसाचा गोंधळ होणारच.

आता कायद्याचे थोडे. 9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विल, ग्राह्य धरले. सुरुवातीला त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे, म्हणून कोणी करत नसे. जानेवारी 2023 मध्ये ते सोपे झाले: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा. उपचार थांबवायचे की नाही हे मात्र डॉक्टरांची दोन मंडळे ठरवतात. कॅथलिकाने असे इच्छापत्र करावे का? आमच्या मते करावे, पण छापील नमुना डोळे मिटून भरू नये. ‘सर्व उपचार बंद’ अशा ओळीत अन्नपाणीही येते. आधी फादरांना दाखवावे, फॅमिली डॉक्टरांना दाखवावे.

आणि वेदनेची भीती असेल तर तीही बोलून दाखवावी. खूप जणांना मरणाची नाही, दुखण्याची भीती असते. मॉर्फीन घेणे म्हणजे क्रूस नाकारणे नव्हे. वेदना कमी करण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य थोडे कमी होण्याची शक्यता असली, तरी मरण हा हेतू नसेल तर ते घेता येते, असे 2279वा परिच्छेद सांगतो. आपल्या शहरात रेड हिल्सच्या सरकारी एमएनजे कॅन्सर रुग्णालयात वेदनाशमनाचा विभाग आहे, आणि ‘स्पर्श’ हॉस्पिसमध्ये शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची विनामूल्य सेवा होते. कॅथलिक आरोग्यसेवकांची देशव्यापी संघटना, चाई, हिचे मुख्यालय इथेच सिकंदराबादला आहे. ती 1943 साली गुंटूरला स्थापन करणाऱ्या सिस्टर मेरी ग्लोरी स्वतः डॉक्टर होत्या आणि 1957 साली कर्करोगाने गेल्या. दुखणे म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

सुखी मरणाचा आश्रयदाता संत योसेफ. गनफाउंड्रीच्या आपल्या कॅथीड्रलला त्यांचेच नाव आहे. चित्रांत त्यांच्या उशाशी येशू आणि पवित्र मरिया बसलेले दिसतात.

आमच्या धर्मग्रामात एक आजी आहेत, दर पहिल्या शुक्रवारी आम्ही त्यांच्याकडे पवित्र कम्युनियन घेऊन जातो. मुलगा परदेशी, शेजार तेलुगू. गेल्या खेपेला त्यांनी वही काढायला लावली आणि मराठीत मजकूर सांगितला. बरे होण्यासारखे असेल तर इस्पितळात न्या. नसेल तर मशीन लावू नका. दुखले तर इंजेक्शन द्या, मला शूरपणा दाखवायचा नाही. फादरांना शुद्ध आहे तोवर बोलवा, नंतर बोलावून काय उपयोग, मला पापनिवेदन करायचे आहे. डोळे एल. व्ही. प्रसादला द्या. पाणी चमच्याने द्या.

मग थांबल्या आणि म्हणाल्या, “चमच्याने हे लिहिलेत ना? त्या नर्सेस घाईत ग्लास लावतात.”

लिहिले. नोटरीकडे बुधवारी जायचे ठरले आहे. एक साक्षीदार शेजारच्या लक्ष्मम्मा, दुसरा आमच्यातला एक. लक्ष्मम्मांना मराठी वाचता येत नाही, म्हणून तेलुगूत एक प्रत करायला दिली आहे.