टाळी

आम्ही दोघे भाऊ शेंद्र्याचे. अब्बा औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार होते. २००१ साली तिथे स्कोडाचा कारखाना सुरू झाला तेव्हा अब्बांना वाटले, एक तरी मुलगा आत लागेल. आमच्या नशिबी कॅमेरा आला. आधी लग्नांची शूटिंग केली, मग २०१२ साली गोरेगावच्या एका स्टुडिओत रिअ‍ॅलिटी शोच्या एडिटिंगला असिस्टंट म्हणून लागलो. अब्बा गावात सांगत, ‘बच्चे टीव्ही में हैं.’ आम्ही टीव्हीच्या तळघरात होतो.

एका प्रसंगाला आठ कॅमेरे. रात्री सगळ्यांची कार्डे येत. प्रत्येक कार्ड दोन हार्ड डिस्कवर उतरवायचे, उघडून पाहायचे, मगच पुसायला परत द्यायचे. फोल्डरवर तारीख, कॅमेऱ्याचे अक्षर, कार्डाचा क्रमांक. इथे आळस केला की पुढे महिनाभर शोधत बसा.

त्यानंतर जुळवणी. आपल्याकडच्या टीव्हीत सेकंदाला २५ चित्रे. प्रत्येक चित्रासोबत तास, मिनिट, सेकंद आणि चित्राचा क्रमांक नोंदलेला असतो, त्याला टाइमकोड म्हणतात. सकाळी सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळे एकत्र लावली की रात्री आठही चित्रे एकाखाली एक बसायला हवीत. पण घड्याळे सरकतात. बॅटरी बदलताना एखादे भलतीच वेळ धरून बसते. मग आवाजावरून जुळवायचे. कुणी टाळी वाजवलेली असली तर सोने, नाहीतर दार आपटल्याचा, भांडे पडल्याचा आवाज शोधायचा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणून १४ मीटरवरच्या कॅमेऱ्याला तीच टाळी एक चित्र उशिरा ऐकू येते. हे कळले तेव्हा आम्हाला फार आनंद झाला होता.

एका रात्री डी कॅमेऱ्याचे घड्याळ चार मिनिटे पुढे होते. आमच्या ध्यानात आले नाही. त्या कॅमेऱ्यात मराठवाड्याचीच एक मुलगी हसत होती. कुणाच्या तरी हातून चहा सांडला होता. आमच्या चुकीने ते हसू दुसऱ्या एका मुलीच्या रडण्याखाली जाऊन बसले. एडिटर खूश झाला. पहाटे आम्ही डी कॅमेऱ्याचा आवाज लावून ऐकला आणि हातपाय गार पडले. धावत सांगायला गेलो. उत्तर मिळाले, ‘असू द्या, छान बसलंय.’ पगार सात तारखेला व्हायचा आणि त्या दिवशी पाच तारीख होती. आम्ही पुन्हा बोललो नाही.

भाग दाखवला गेला. अम्मीचा फोन आला. म्हणाली, ‘कैसी लडकी है रे, दूसरी रोरी और ये हसरी!’ आम्ही म्हटले, ‘हां अम्मी.’ दुसऱ्या आठवड्यात ती मुलगी मतांवर बाहेर पडली. ती तशीही पडली असती, असे आम्ही एकमेकांना बरेच दिवस सांगत राहिलो.

वर्षभराने गावी परतलो. २०१८ च्या एप्रिलमध्ये मराठी बिग बॉस सुरू झाले, तेव्हा अम्मी रोज रात्री टीव्हीसमोर बसू लागली. एकदा तिला ती चहाची गोष्ट सांगितली. तिने आवाज बंद केला, थोडा वेळ नुसती चित्रे पाहिली आणि म्हणाली, ‘उस लडकी की माँ ने भी देखा होगा ना?’

आता आम्ही निकाहची शूटिंग करतो. दोन कॅमेरे मर्दान्यात, एक जनान्यात. वकील आणि गवाह आधी नवरीकडे जाऊन तिची इजाजत घेतात, मग काझीसाहेब नवऱ्याला विचारतात. परवा एक खाला म्हणाल्या, ‘आईचं रुखसतीचं रडणं कबूलच्या वेळी लावा, शोभतं.’ आम्ही नाही म्हणालो. पैसे थोडे कापले गेले.

खुत्ब्याच्या आधी आम्ही तिन्ही कॅमेरे एका जागी आणून टाळी वाजवतो. लोकांना ते विचित्र वाटते. गेल्या महिन्यात एक बुजुर्ग रागावले, ‘मियाँ, ये क्या तमाशा है?’

‘चाचा,’ आम्ही म्हटले, ‘घड्याळ लावतोय.’

त्यांनी आपल्या मनगटावर पाहिले आणि वेळ सांगितली.