गारठ्यातही न थांबणारी क्रिया

आमचे वडील डोंबिवली एमआयडीसीत बावीस वर्षे रिअॅक्टरवर होते. वाफ सोडली की क्रिया पळते, जॅकेटमधून ब्राइन फिरवले की मंदावते, एवढे रसायनशास्त्र आम्हा भावंडांना शाळेआधी घरातच कळले. तापमान दहा अंशांनी वाढले की बऱ्याच क्रियांचा वेग दुपटीच्या आसपास जातो. स्वीडनच्या आर्हेनियसने १८८९ साली याचे गणित मांडले. रेणूंना रूप बदलताना मधला डोंगर चढावा लागतो, आणि चढायचे बळ उष्णता देते. २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीत रिअॅक्टर फुटून माणसे गेली, तेव्हापासून उष्णतेचा विषय आमच्या घरात हळू आवाजात निघतो.

म्हणूनच बी.एस्सी.ला असलेली पुतणी जेवताना म्हणाली, "काका, कितीही गोठवले तरी काही क्रिया थांबतच नाहीत," तेव्हा वहिनींचा हात थांबला. "म्हणजे तुमच्या ब्राइनचा उपयोग नाही?" त्यांचा थोरला मुलगा त्याच एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला जातो. प्रश्न रास्त होता.

पुतणीचे म्हणणे खरे आहे. फॉर्मालिनमध्ये असते ते फॉर्माल्डिहाइड रशियाच्या गोल्डान्स्की यांनी उणे २६९ अंशांपर्यंत थंड केले आणि त्यावर किरणांचा मारा केला. रेणूला रेणू जोडून साखळी वाढते, तिचा वेग थंडीबरोबर घटत गेला. पण उणे २६३ अंशांच्या खाली तो घटायचा थांबला. एक कडी जुळायला सेकंदाचा शंभरावा भाग, तो तेवढाच राहिला. आर्हेनियसच्या हिशेबाने तिथे एका कडीला विश्वाचे वयही पुरले नसते. हे १९७३ साली प्रसिद्ध झाले.

डोंगर चढायला बळ नाही, तरी रेणू पलीकडे कसे? आपल्याकडच्या माणसाला पारसिकचा बोगदा सांगावा. १९१६ पासून तो आहे. २०२२ पर्यंत आपल्या जलद लोकल त्यातून जात, आणि धीम्या गाड्या डोंगराला वळसा घालून कळवा-मुंब्र्यावरून. फरक एवढाच, की इथे बोगदा कोणी खणत नाही. पुंजभौतिकीत कण लाटेसारखाही वागतो, आणि त्या लाटेचे टोक डोंगराच्या पलीकडे किंचित पोचते. तेवढ्या शक्यतेने कण पलीकडे सापडतो. कण जितका हलका आणि डोंगर जितका अरुंद, तितके हे सोपे. तरी ते किती विरळ असू शकते पाहा: ऑस्ट्रियात इन्सब्रुकला हायड्रोजन आणि जड हायड्रोजनची क्रिया मोजली (२०२३), तेव्हा शंभर अब्ज धडकांत एकदा ती घडते असे दिसले.

आता वहिनींचा प्रश्न. कारखान्यातले ब्राइन शून्याच्या थोडे खाली असते. उणे २६९ कुठे! त्या तापमानाला जड रेणूंची वाट डोंगरावरूनच, आणि ती थंडीने खरोखर अडते. म्हणून ब्राइन लागते, आणि ते बंद पडले की धोका वडिलांच्या काळी होता तोच.

वहिनींनी सगळे ऐकून घेतले. मग मुलाला विचारले, "रात्री लाइट गेली तर तो पंप कशावर चालतो?" तो म्हणाला, जनरेटरवर. "आपोआप चालू होतो, की कुणी जाऊन करावा लागतो?" हे तो आजच्या पाळीला बघून येणार आहे.