काकांचे कासव

मोटारीविषयी लिहावयास आम्ही बसलो आहोत हे कळताच घरातील मंडळी गालांत हसली. त्यांचे चुकत नाही. १९५९ सालच्या त्या फोक्सवॅगन बीटलचा विषय निघाला, की आम्हांस वेळेचे भान राहत नाही.

आमच्या काकांनी ती १९६६ साली, मायदेशी परतणाऱ्या एका जर्मन अभियंत्याकडून विकत घेतली. सुलतान बाजारातील घरासमोर ती उभी राहिली तेव्हा जो तो पुढचे झाकण उघडून इंजिन शोधू लागला. पुढे सामानाची जागा आणि इंजिन पाठीमागे! काकूंनी तिचे नाव 'कासव' ठेवले, तेच टिकले.

फर्डिनंड पोर्शे यांनी ही गाडी सामान्य कुटुंबासाठी आखली, ती हिटलरच्या राजवटीत. तिच्यासाठी हप्ते भरणाऱ्या जर्मन लोकांस त्या काळी एकही गाडी मिळाली नाही. हे विसरून तिचे गोडवे गाणे आम्हांस रुचत नाही. पुढे मात्र जगभर तिचा संसार वाढला. ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोत शेवटची बीटल बाहेर पडली, तोवर २ कोटी १५ लाखांवर गाड्या झाल्या होत्या.

कौतुक आहे ते रचनेचे. समोरासमोर आडवे निजलेले चार सिलिंडर, ३० अश्वशक्ती. पाणी नाही, रेडिएटर नाही; पंख्याचा वारा आणि अडीच लिटर तेल एवढ्यावर इंजिनाने थंड राहावयाचे. हैदराबादच्या वैशाखात इतर गाड्या चढावर वाफा सोडीत उभ्या असत, तेव्हा आमचे कासव बंजारा हिल्स संथपणे चढून जाई. पेट्रोलचा काटाही तिला नाही. आचके बसू लागले, की पायाशी असलेली तोटी फिरवून राखीव साठ्यावर यावयाचे.

परंतु त्या वाऱ्याची सारी मदार एका फॅनबेल्टवर. तो डायनामो फिरवितो आणि डायनामोच्याच दांड्यावर पंखा. पट्टा तुटला, की समोर तांबडा दिवा लागतो.

१९६८ च्या मे महिन्यात, टँकबंडावर, तो लागला. मागे काकू होत्या. कळा सुरू झालेल्या. सिकंदराबादला, माहेरच्या जवळील इस्पितळात निघालो होतो. पट्टा जीर्ण झाला होता. तो बदलण्याचे काम काकांनी आमच्यावर सोपविले होते आणि आम्ही ते उद्यावर टाकले होते.

"काका, थोडेच तर राहिले आहे, तशीच चालवू या," आम्ही म्हणालो.

"वाटेत इंजिन बसले तर तिला खांद्यावर नेशील?"

काकांनी कप्पी उकलली, मधल्या पातळ चकत्या जमवून नवा पट्टा ताणून बसविला. पाव तास लागला. तलावावरून वाऱ्याची झुळूक नव्हती. काकू वर्तमानपत्राने वारा घेत होत्या. आम्ही त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. संध्याकाळी मुलगी झाली, सुखरूप. चूक कोणाची, हे काकांनी आमच्यासमोर कधी उच्चारले नाही. १९९१ साली ते गेले, आणि गाडी आमच्याकडे आली.

गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक आले. आमची दृष्टी अधू झाली आहे, चिरंजीव परदेशी. विकावी असे ठरत आले होते. गृहस्थांना दार लागेना. सांगाडा इतका घट्ट, की आतली हवाच दाराला अडविते. आम्ही काच बोटभर खाली केली, दार लागले. ते किंमत विचारू लागले, तोच वऱ्हांड्यातून काकूंचा आवाज आला. वय ब्याऐंशी, पण आवाज ठणठणीत.

"त्यांना गाडी फिरवून दाखवणार आहेस ना? या खेपेस तरी पट्टा बदललास का रे?"