विहिरीची कोथिंबीर

पावसाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या वाडीत गेलात, तर तिथल्या विहिरीत जरूर डोकावा. जांभ्याच्या चिऱ्यांमधून काळ्याभोर, तारेसारख्या देठांची एक नाजूक वनस्पती लोंबताना दिसेल. हा हंसराज. याची पानं चंद्रकोरीसारखी असतात. शास्त्रीय नावातल्या ‘लुनुलाटम’ या शब्दातही छोटा चंद्रच आहे. कुणाला त्यात घोड्याचा खूर दिसला, म्हणून घोडखुरी हेही नाव पडलं. पानावर पाणी शिंपडा, थेंब घरंगळून जातील.

हंसराज हे नेचं आहे. त्याला फूल नाही, बी नाही. पानाची कड खाली दुमडलेली असते आणि त्या घडीत धुळीसारखे बारीक बीजाणू असतात. ओल्या दगडावर बीजाणू रुजला की नखापेक्षाही लहान हिरवा पापुद्रा तयार होतो. त्यावर पाण्याचा पातळ थर असेल तरच नरपेशी पोहत मादीपेशीपर्यंत पोहोचते आणि नवं रोप जन्मतं. म्हणून त्याला सावली हवी आणि ओल हवी. सच्छिद्र जांभा पाणी धरून ठेवतो आणि चिऱ्यांच्या फटींत मुळांना जागा मिळते. पानाचं लांब टोक दगडाला टेकलं तर तिथेही मूळ धरतं. असा एकेक पाऊल टाकत हंसराज भिंतभर पसरतो. पावसाळा सरल्यावर पानं वाळतात, पण फटीतलं खोड पुढच्या पावसाची वाट पाहत जिवंत राहतं.

याच्याच एका भावंडाला युनानी हकीम परसियावशान म्हणतात आणि खोकल्याच्या जोशांद्यात घालतात. अरबीत त्याचं नाव ‘कुजबरतुल बीर’, म्हणजे विहिरीची कोथिंबीर. कुठे कोकण, कुठे अरबस्तान! पण दोन्हीकडे या कुळाचा पत्ता एकच, पाण्याकाठची ओली भिंत.

हा पत्ता आता पुसला जातोय. घरात नळ आले आणि विहिरी विस्मरणात गेल्या. काही बुजल्या, काहींना आतून सिमेंटचा गिलावा झाला. गिलाव्याने फटी मिटतात आणि हंसराजाची जागा जाते. लेकरांच्या सुरक्षेसाठी कठडा उंच करावा, तोंडावर जाळी बसवावी, ते गरजेचंच आहे. पण आतले चिरे मजबूत असतील तर ते उघडेच राहू द्यावेत. ज्या विहिरीच्या पाण्याने वाडवडिलांनी वजू केला, तिच्या भिंतीवर अल्लाहच्या या इवल्याशा मख्लूकचाही हक्क आहे.