नऊ मीटर वीस सेंटीमीटर

लोणी भापकर म्हटलं की माहितगार लोकांना मल्लिकार्जुनाचं देऊळ, पुष्करणी आणि तो यज्ञवराह आठवतो. मला मात्र सध्या फक्त दादाचा जुना गोठा आठवतो. गेल्या कित्येक वीकांतांना पुण्याहून मोरगावमार्गे गाडी हाकत मी तिथेच जातोय.

झालं असं की १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं आणि आमची चिंगी (दादाची मुलगी, तेव्हा आठवीत) बारामतीला नेमबाजीच्या वर्गात नाव घालून आली. खेळ १० मीटर एअर रायफल. सहा-आठ महिन्यांत पोरगी बरी मारायला लागली. मग दादाने कांद्याच्या पैशातून एक जुनी, वापरलेली स्पर्धेची रायफल घेतली. दांडा ओढला की एका छर्र्यापुरती हवा भरते, सिलिंडरची भानगड नाही. नवी घ्यायची तर लाखाच्या पुढे. रायफल आली आणि पैसे संपले. "बाकीचं सामान तू बघ, तू इंजिनिअर आहेस ना?" दादाच्या मते सॉफ्टवेअरवाल्याला विहिरीवरची मोटरसुद्धा दुरुस्त करता आली पाहिजे. असो.

ऑफिसात एकाला एअरसॉफ्टचं वेड आहे. ६ मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या गोळ्या मारायचा तो जपानी खेळ. ती मंडळी पीव्हीसी पाइप, फोम, जुन्या बॅगा यांतून घरीच काय काय बनवतात त्याचे व्हिडिओ तो जेवताना दाखवत असतो. म्हटलं, त्यांना जमतं तर आपल्याला का नाही? फक्त आमची गोळी शिशाची होती, हे डोक्यात जरा उशिरा शिरलं.

पहिला प्रयोग छर्रे अडवायच्या पेटीचा. गोठ्याच्या भिंतीला लोखंडी पत्रा सरळ उभा केला, पुढे कागद लावला. दुसऱ्याच फायरला चपटा झालेला तुकडा टणकन उलटा आला आणि माझ्या पायापाशी पडला. चिंगीच्या डोळ्यांवर गॉगल होता. माझ्या डोळ्यांवर काहीही नव्हतं. तो पत्रा तिथल्या तिथे काढला. मग तेलाचा १५ लिटरचा डबा आडवा पाडून एक बाजू उघडी केली आणि आत जाड लोखंडी पट्टी तिरकी, पुढे झुकती बसवली, म्हणजे छर्रा आपटून खाली जातो. तळाला गोधडीचा तुकडा. वहिनी म्हणाली, "ते शिसं शेळीने चाटलं म्हणजे?" मला हे सुचलंच नव्हतं. तेव्हापासून डबा कुलपात, गोधडीचा तुकडा झटकायचा नाही, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय चहा मिळत नाही.

बाकीच्या गोष्टी मजेत झाल्या. नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढे लावायची झापड श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून कापली. काळी लावली तर त्या डोळ्याला अंधार होतो, बाहुली मोठी होते आणि दुसऱ्या डोळ्यालाही त्रास होतो. झाकणातून उजेड येतो, चित्र येत नाही. (मी हौसेने ४ सेंटीमीटर रुंद कापली होती. नियम ३ चा आहे. पुन्हा कात्री.) टार्गेटवर एलईडी दिवा, तो ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर, कारण लाइटचा भरवसा नाही. आणि गुण मोजायला ४.५ मिलिमीटरचं ड्रिल बिट! छर्रा तेवढ्याच जाडीचा. कागदाच्या भोकात बिटाचा गुळगुळीत भाग घालायचा आणि तो कुठल्या रेघेला टेकतो ते भिंगातून बघायचं. हे माझं मला फार आवडलं होतं :)

प्रश्न एकच होता, जागा. गोठ्यात उभं राहून भिंतीपर्यंत अंतर भरलं ९ मीटर २० सेंटीमीटर. मी म्हटलं, सोपं आहे. अंतर ९२ टक्के, तर टार्गेटही ९२ टक्के छापू. खरा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असतो, आपण २८ चा केला. डोळ्याला अगदी तेवढाच दिसणार. गठ्ठाभर कागद छापून आणले. साठ फायर, सहाशेपैकी गुण, वहीत तारीखवार नोंद. सरासरी आली ५६१. दादाने ती वही आल्यागेल्याला दाखवली.

स्पर्धेत चिंगीला पडले ५५५.

परतीच्या वाटेवर ती एक शब्द बोलली नाही. मग आठवडाभराने फोनवर म्हणाली, "काका, घरी येतं आणि तिथे येत नाही. मला दडपण झेपत नाही. बाबांना सांग ना, रायफल विकून टाका." मी आपलं नेहमीचं बोललो. होतं असं, सराव कर, श्वासाकडे लक्ष दे. जसं काही मला त्यातलं कळतं!

दोन दिवसांनी ऑफिसात एका पोराचा कोड बघत होतो. त्याने पडद्यावरचं सगळं प्रमाणात लहान केलं होतं, एक आकडा सोडून. आणि माझ्या पोटात खड्डा पडला. टार्गेट मी ९२ टक्के केलं. छर्रा? तो ४.५ चाच राहिला की! रेघेला छर्र्याची कड टेकली तरी वरचा गुण मिळतो. छर्र्याची त्रिज्या २.२५, प्रमाणात ती २.०७ हवी होती. म्हणजे प्रत्येक फायरला ०.१८ मिलिमीटर फुकट. दोन रेघांमधलं अंतर माझ्या कागदावर २.३. भागाकार केला तर फायरमागे साधारण ०.०७८ गुण. साठ फायरचे जवळजवळ ४.७.

सहा गुण कमी पडले होते. त्यातले पावणेपाच माझे.

तो हिशोब मी फोनवर सांगितला नाही. शनिवारी गेलो, ओट्यावर बसून कागदावर काढून दाखवला. चिंगीने दोनदा तपासला (नववीचं गणित पक्कं आहे तिचं). दादा नुसता ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे पोरगी ठीक होती, कागद खोटा होता," आणि उठून पहार घेऊन आला. तासाभरात त्याने भिंतीला खिडकीएवढं भगदाड पाडलं. दुसऱ्या दिवशी गवंड्याने बाहेरच्या बाजूने दगडाचा बंद कोनाडा बांधला, आत डबा. मी टेप धरली. बरोबर १० मीटर. कागद आता दुकानातून विकत आणतो, छापील, खऱ्या मापाचे. महाग पडतात. पडू देत.

गेल्या रविवारी चिंगीने तिथे पहिले साठ मारले. ५५७. वहीत आकडा लिहिला आणि मागची पानं उलटून दाखवली. प्रत्येक जुन्या बेरजेतून तिने लाल पेनने पाच वजा केले होते आणि शेजारी कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "काका".